पाण्याची वेळ विचारल्याशिवाय उतरू नका: हिमनदीपासून कोकणच्या पुळणीपर्यंत या चुका टाळा

पुळणीवर गाडी रुतली की वाडीतली मुलं आधी माझ्याकडे धावतात, कारण जाड दोरखंड माझ्या पडवीत टांगलेला असतो. या हंगामात तो चौथ्यांदा खाली उतरला. दोर देते, फावडं देते, जमेल तेव्हा स्वतःही जाते. पण चारही वेळा चूक तीच होती, म्हणून आता एकदाचं लिहूनच ठेवते.

दापोली तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या घरात मी तीन खोल्या पाहुण्यांना देते. त्याआधीची बरीच वर्षं गोव्यात समुद्राच्या संशोधनाच्या कामात गेली. त्यातले दोन उन्हाळे उत्तर ध्रुवाकडच्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंड या वस्तीत काढले. तिथे १ जुलै २००८ रोजी सुरू झालेलं आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला. लोक विचारतात, त्या बर्फातलं इथे काय कामाचं? मला विचाराल तर सगळंच कामाचं आहे. दोन्हीकडे माणसं पाण्याची वेळ न विचारता निघतात आणि दोन्हीकडे परतताना अडकतात.

भरती कधी आहे हे न विचारता गाडी पुळणीवर नेणं

डिसेंबरातली द्वादशी होती. पुण्याचं एक कुटुंब दुपारी तीनच्या सुमारास आलं: नवरा-बायको, दोन मुलं आणि सोबत सासूबाई. समुद्र लांब गेला होता. समोर ओली, सपाट, गुळगुळीत वाळू पसरलेली. अशी वाळू पाहिली की शहरातल्या माणसाला तो रस्ताच वाटतो. मी कुंपणापाशी उभी होते. म्हटलं, “गाडी इथे सुरूंच्या बनातच ठेवा, भरती सुरू झालीय.” तो म्हणाला, “काकू, फोर बाय फोर आहे, काही होत नाही. दहा मिनिटांत फोटो काढून येतो.”

दहा मिनिटांचे दोन तास झाले. पावणेपाचला परत फिरायला गेले तेव्हा मागचं डावं चाक चार बोटं खाली गेलं होतं. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, चाक वीतभर खाली. पुन्हा दाबला, गाडी पोटावर बसली. मी दोर घेऊन पोहोचले तोवर लाटेचा फेस बंपरखालून आत येऊन मागच्या चाकांभोवती फिरत होता आणि धाकट्या मुलीची गुलाबी चप्पल त्या फेसावर तरंगत होती. सासूबाई औषधांची पिशवी छातीशी धरून उभ्या. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं की आता वर जाऊन बसा. गावातून ट्रॅक्टर यायला तास गेला. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं. वीसेक माणसं आणि ट्रॅक्टर मिळून गाडी निघाली सव्वासहाला, अंधार पडता पडता. इंजिन काही सुरू झालं नाही.

यात ट्रॅक्टरवाल्याचा उशीर नाही आणि वाळूचाही दोष नाही. ओली वाळू कडक लागते, कारण कणांमध्ये थोडं पाणी असतं आणि ते कणांना धरून ठेवतं. भरती चढू लागली की वाळूच्या पोटातलं पाणीही वर येतं. कण सुटे होतात, आणि वर एखादं जड वाहन थरथरत असेल तर त्याच्याखाली त्या कडक वाळूचा चिखल होतो. गाडी जितकी भारी तितकी लवकर बसते. फोर बाय फोर असेल तर दोनऐवजी चार चाकं खड्डा खणतात, एवढाच फरक.

रुतलीच तर मी काय करते ते सांगते. पहिल्यांदा ॲक्सिलरेटरवरून पाय काढायला लावते. सगळी माणसं आणि सामान खाली. म्हातारी माणसं आणि मुलं थेट वर, बनात. चारही टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि भार विभागतो. चाकांच्या मागची वाळू हाताने किंवा फावड्याने उतरती करून काढायची, तिथे नारळाच्या झावळ्या घालायच्या आणि आलेल्या चाकोरीतूनच सरळ मागे ओढायचं. वळवायला जायचं नाही. बाहेर निघाल्यावर गाडीचं पोट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं. उद्यावर टाकलं तर खारं पाणी गंज चढवायला वेळ लावत नाही.

पण माझं खरं म्हणणं याच्याही अलीकडचं आहे. गाडी पुळणीवर न्यायचीच नाही, ओहोटी असली तरी नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत हात-दीड हात खोल त्यांचं घरटं असतं. वरून काहीच दिसत नाही. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी ही घरटी राखायला सुरुवात केली, आता आंजर्ल्यालाही राखली जातात. रात्ररात्र फिरून माणसं अंडी गोळा करून कुंपणात ठेवतात. जे घरटं त्यांच्या नजरेतून सुटलं ते कुणाच्या तरी चाकाखाली दाबलं जावं, याचा मला मनापासून राग येतो.

तिथीची पाऊणपट

ॲप बघा, जरूर बघा. पण नेटवर्क गेलं की ॲपही गेलं, आणि आमच्याकडे ते जातं. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसांचा हा जुना हिशेब पाठ करा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन. दिवसाला दोन भरत्या असतात, त्यामुळे हीच वेळ सकाळी आणि रात्री दोन्हीकडे धरायची. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी संपते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेवढी मोकळीक ठेवा.

आता त्या द्वादशीचा हिशेब करून बघा. भरती रात्री नऊला, म्हणजे समुद्र सगळ्यात लांब दुपारी तीनच्या आसपास. ते आले तेव्हा पाणी नुकतंच वळलेलं होतं. वळलेलं पाणी एकसारखं चढत नाही हे बहुतेकांना माहीत नसतं. सहा तासांतल्या एकूण चढाचे बारा वाटे करा: पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. पहिला तास पाणी हललंच नाही असं वाटतं आणि माणूस निवांत होतो. मग मधल्या दोन तासांत निम्मी भरती येते. गाडी रुतली ती नेमकी त्याच्या तोंडावर.

शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि जास्त लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. जोडून सुट्टी आली म्हणून उधाणाच्या दिवशी येणाऱ्यांनी हे आधी विचारावं. खोलीत एसी आहे का हे सगळे विचारतात. भरती किती वाजता, हे आजवर मोजक्याच पाहुण्यांनी विचारलंय.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यालाही हेच लागू आहे. ओहोटीला चालत जाता येतं, पण परत येण्याचीही ओहोटीच असावी लागते.

ओहोटीला पोहायला उतरणं

याबद्दल मी पाहुण्यांशी वाद घालते, आणि घालत राहीन. समुद्र मागे जाताना शांत दिसतो, लाटा छोट्या होतात, म्हणून लोक त्याच वेळी पोरांना घेऊन आत जातात. पण तेव्हा सगळं पाणी बाहेर निघालेलं असतं आणि माणसालाही सोबत नेतं. खाडीच्या मुखाशी तर ओढ फारच असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. विशीच्या आसपासची मुलं. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला पाण्याकडे नीट बघवत नव्हतं.

ओढीची जागा ओळखता येते. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा गुळगुळीत, गढूळ आहे, तिथला फेस आत यायच्या ऐवजी बाहेर चाललाय. नवख्याला तोच पट्टा सुरक्षित वाटतो, कारण तिथे लाट नाही. तिथे पाऊलही टाकू नका. सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारू नका. त्या प्रवाहापुढे पट्टीचा पोहणाराही दमतो. पाठीवर पडा, तरंगा, एक हात वर करून हाका मारा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, बाजूला सरका. पट्टा अरुंद असतो, थोडं सरकलं की ओढ सुटते आणि लाटाच तुम्हाला आत आणतात. दुसरं कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. रिकामा कॅन, दोर, टायरची ट्यूब, जे तरंगेल ते फेका आणि कोळीवाड्याकडे ओरडत पळा.

माझा नियम साधा आहे: पाणी चढतं असेल तेव्हाच, आणि कमरेच्या वर नाही. दारू प्यायलेल्या माणसाला मी फाटकातून पाण्याकडे जाऊ देत नाही. त्यावरून एकदोन जणांनी खोली सोडली. सोडू दे.

सकाळचा ओढा संध्याकाळी तोच असेल असं समजणं

आता तिकडची, बर्फातली चूक. यात मीही होते.

नी-ओलेसुंडपासून काही किलोमीटरवरच्या एका हिमनदीवर आम्ही बर्फात रोवलेल्या काठ्या मोजायला जायचो. काठी किती उघडी पडली त्यावरून किती बर्फ वितळलं ते कळतं. वाटेत हिमनदीतून निघणारा एक ओढा लागतो. सकाळी साडेआठला आम्ही चौघांनी तो ओलांडला तेव्हा पाणी नडगीच्या निम्म्यापर्यंत होतं, खालचे गोटे दिसत होते. आमच्यातला नवा मुलगा म्हणाला, “ताई, यासाठी काठ्या आणि दोर कशाला वाहायचे? इथेच ठेवू.” गटप्रमुखाने ठेवू दिलं नाही.

काम चारला संपवून निघायचं ठरलं होतं. चार वाजता एक काठी राहिली होती. तेवढी मोजून जाऊ, उद्या पुन्हा एवढी चढण कशाला, हा आग्रह माझा होता. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे उशीर झालाय हे अंगाला कळत नाही. ओढ्याशी परत आलो तेव्हा साडेसहा झाले होते. पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. तळाशी गोटे एकमेकांवर आपटत होते, आणि तो गडगडाट बुटांच्या तळव्यांतून अंगात येत होता. काठी घालून पाहिलं, मांडीच्या वर. ते पाणी शून्य अंशाच्या जरासं वर असतं.

तो मुलगा म्हणत होता, “सकाळी इथूनच तर आलो.” खरंच, जागा तीच होती. पण दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं सगळं पाणी ओढ्याला दुपारनंतर येऊन मिळतं आणि संध्याकाळी तो फुगतो. पहाटे पुन्हा उतरतो. समुद्राचं वेळापत्रक चंद्र ठरवतो, हिमनदीच्या ओढ्याचं सूर्य.

आम्ही थांबलो. रेडिओवरून केंद्राला कळवलं की परतीची वेळ बदलली, सगळे ठीक आहोत. दगडांच्या आडोशाला पाठीला पाठ लावून बसलो, दर अर्ध्या तासाला एकाने उठून अस्वलासाठी चहूकडे नजर फिरवायची. पाण्याच्या काठावर मी एक दगड खूण म्हणून ठेवला. साडेदहापर्यंत तो पाण्याखाली होता. मग डोकं दिसलं, मग कोरडा झाला. रात्री दीडला, लख्ख उजेडात, आम्ही गुडघाभर पाण्यातून आलो. एका काठीपायी सात तास गेले आणि तीन माणसांना माझ्यामुळे थंडीत बसावं लागलं. त्यानंतर मी बाहेर पडताना परतायची वेळ आधी लिहिते आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ काढते. ‘एवढं एकच करून जाऊ’ हे वाक्य माझ्या तोंडी पुन्हा आलेलं नाही.

तिकडे वस्तीबाहेर पडताना कुठे जातोय आणि कधी परतणार हे नोंदवायचा शिरस्ता आहे. मी इथेही पडवीत वही ठेवलीय. कड्याकडे फिरायला जाणाऱ्या पाहुण्यांना नाव आणि परतायची वेळ लिहायला लावते. तरुण मुलांना ते शाळेतल्यासारखं वाटतं. वेळेवर परतली नाहीत की शोधायला कुठे जायचं हे मला त्या वहीतूनच कळतं.

सुती कपडे आणि घाम

आपण कापसाच्या देशातली माणसं, त्यामुळे हे पटत नाही. थंडीत सुती बनियन घाम पितं आणि वाळत नाही. चालताना कळत नाही, थांबलात की पाठीवर बर्फाचा फडका ठेवल्यासारखं होतं. अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये उबेचा थर, बाहेर वारा अडवणारं. आणि घाम यायच्या आधी एक थर काढा. थंडी वाजेल म्हणून सगळं चढवून चालणारेच आधी गारठतात. स्पितीला किंवा लडाखला निघालेल्यांनीही हे लक्षात ठेवावं.

एकदाच प्रवेश देणारा व्हिसा

स्वालबार्डला जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही, हे वाचून लोक खूश होतात. पण तुम्ही तिथे नॉर्वेमार्गे जाता. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, स्वालबार्ड नाही. म्हणजे ऑस्लोहून लाँगइयरब्येनला, स्वालबार्डच्या मुख्य गावाला, निघालात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परत येताना तुमचा दुसरा प्रवेश. व्हिसावर एकच प्रवेश असेल तर परतीची वाट बंद. ओळखीतल्या एका विद्यार्थिनीचा व्हिसा एजंटाने असाच काढून दिला होता. निघायच्या तीन आठवडे आधी तिने पासपोर्ट मला दाखवला म्हणून वाचली. सगळी कागदपत्रं पुन्हा, रडारड, धावपळ. एजंटावर सोडू नका, किती प्रवेश लिहिलेत ते स्वतः वाचा. लाँगइयरब्येन ते नी-ओलेसुंड छोटं विमान आहे आणि सामान २० किलोच नेता येतं, तेव्हा उपकरणं आधी, हौस नंतर.

बाकीच्या चुका एकेका ओळीत

नी-ओलेसुंडला रेडिओ दुर्बिणीमुळे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवायचं असतं. ‘माझं एकट्याचं चालू राहिलं तर काय’ असं म्हणू नका, मोजमाप बिघडतं. थंडीत बॅटऱ्या आतल्या खिशात. कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बाहेरच पिशवीत बंद करा, नाहीतर भिंगाच्या आत बाष्प धरतं. हिमनदीच्या समुद्राकडच्या कड्याजवळ होडी नेऊ नका. घराएवढा तुकडा कधी सुटेल ते सांगता येत नाही, आणि लाट त्याच्यामागून येते. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर, हा १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा येऊन ‘ताजा पापलेट का नाही’ असं विचारू नका, सुकट आणि बांगड्याचं लोणचं आहे, ते मनापासून वाढीन. शेवाळलेल्या कातळावर सेल्फी नको, मोठी लाट सांगून येत नाही. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घसटत न्या, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच निघून जातो. त्याचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा. खाडी ओलांडायला फेरीबोटीवर गाडी चढवणार असाल तर शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच विचारा. होडीत लाईफ जॅकेट मांडीवर घेऊन बसू नका, अंगात घाला, बंद लावा.

आणि येत्या अमावास्येला येणार असाल तर हिशेब करूनच देते. भरती सव्वाअकराला. म्हणजे सकाळी आठ ते साडेदहा मुलांना घेऊन कमरेपर्यंतच्या पाण्यात उतरा, मी काठावर असेन. अकराला बाहेर. मग जेवण, झोप. पाचनंतर समुद्र लांब गेलेला असेल, तेव्हा अनवाणी चालत टोकाच्या खडकांपर्यंत जा आणि सातच्या आत परत या. गाडी बनात, पाण्याकडे पाठ करून लावा. आणि जाताना वहीत नाव लिहा.